रिकाम्या स्टेजवरचं घर

गुगळेशेठनी स्टीलच्या डब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली आणि नाव वाचायच्या आधीच हसायला लागले. माइक तोंडाशीच होता, त्यामुळे ते हसणं अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

"मंडळी, नगरच्या भास्कर बोरुडेंचं गिऱ्हाईक निघालंय," ते म्हणाले, "सौभाग्यवती शालन भास्कर बोरुडे!"

हॉलमध्ये हशा झाला. मी स्पर्धकांच्या खुर्च्यांत बसलो होतो. मागं वळून बघितलं. बायकांच्या रांगेत माझी बायको शालन डोक्यावरचा पदर सारखा करत होती. ती हसत होती की नाही ते एवढ्या लांबून कळलं नाही.

आमच्या इस्टेट एजंटांच्या संघटनेचं ते वार्षिक अधिवेशन होतं, नाशिकला, त्र्यंबक रस्त्यावरच्या एका हॉटेलात. दोन दिवस भाषणं असायची. नवीन कायदे, बँकांची कर्जं, वास्तुशास्त्र. भाषणांना निम्मे लोक बाहेर लॉनवर चहा पीत उभे असायचे. पण दुसऱ्या दिवशी शेवटी 'घर दाखवा' नावाची स्पर्धा असायची आणि तिला मात्र पाय ठेवायला जागा नसायची. खरं तर अधिवेशनाला लोक यायचे ते तिच्यासाठीच.

स्पर्धा साधी होती. स्टेज रिकामं असायचं, कडेला एक टेबल तेवढं. एजंटानं वर जायचं आणि नसलेलं घर गिऱ्हाईकाला दाखवायचं. इथं दार, इथं हॉल, इथं ओटा, असं हवेत. गिऱ्हाईक म्हणून आमच्याच कुणाच्या तरी बायकोचं नाव चिठ्ठीतून काढत. तिला कसं घर हवंय ते तिनं मनापासून सांगायचं. शेवटी ती "पसंत आहे" म्हणाली तर टेबलावरची पितळी घंटा वाजवायची. "बघून सांगते" म्हणाली तर एजंट बाद. आमच्या धंद्यात "बघून सांगतो" म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून माणसं तसं म्हणतात.

माझ्या आधी सिन्नरचा कैलास सांगळे स्टेजवर जाऊन आला होता. त्यानं मालेगावच्या एका बाईंना हवेतला तीन बेडरूमचा फ्लॅट फिरून फिरून दाखवला आणि बाईंनी शांतपणे "बघून सांगते" म्हटलं. त्याचा राग अजून उतरला नव्हता.

"हे नाही चालणार, शेठ!" तो उठून उभा राहिला. "घरचं गिऱ्हाईक! हे कालच ठरवून आले असतील."

"कैलास, तुझं लग्न व्हायचंय अजून," गुगळेशेठ म्हणाले. "झालं की कळेल, ठरवून काही होत नसतं."

पुन्हा हशा. तरी गुगळेशेठनी परीक्षकांकडे बघितलं. पुण्याचे राजवाडे म्हणून मोठे बिल्डर परीक्षक होते. ते म्हणाले, दुसरी चिठ्ठी काढा हवं तर. गुगळेशेठनी परत डब्यात हात घातला, तेवढ्यात शालन उठली.

"राहू द्या की, भाऊ," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण हॉल गप्प झाला म्हणून ऐकू आला. "इतकी वर्षं सगळ्या गावाला घरं दाखवली ह्यांनी. मला एकदा तरी दाखवू देत."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मग दुसरी चिठ्ठी काढणार कोण?

मला आश्चर्य वाटलं. शालन लोकांत बोलणारी बाई नव्हती. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तरी ती मागं सरकायची.

आधीच्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं होतं. मग औषधं झाली, केस गेले, परत आले. आता ते आखूड होते म्हणून ती पदर घेऊन बसायची. मधले काही महिने बरं चाललं होतं. अधिवेशनाच्या आठवड्यात तिला परत पाठीत दुखायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी तपासणी केली आणि सोमवारी या म्हणाले. सोमवारी आजार परत आलाय की नाही ते कळणार होतं. मध्ये शनिवार-रविवार होते. घरी बसून ते दोन दिवस कसे काढायचे, म्हणून मी तिला नाशिकला घेऊन आलो.

गाडीत संगमनेरच्या अलीकडं ती म्हणाली होती, "अहो, समजा सोमवारी..."

"सोमवारचं सोमवारी," मी म्हणालो, आणि चहाला गाडी थांबवली.

त्या दिवशी सकाळी मी नव्या कायद्याच्या भाषणाला बसलो होतो आणि ती खोलीत होती. चहाच्या सुट्टीत वर गेलो, तर पलंगाच्या कडेवर बसलेली, फोन हातात.

"कुणाचा फोन?"

"सुवर्णाचा," ती म्हणाली. सुवर्णा आमची मुलगी, पिंपरीला असते. मी बरं म्हणालो आणि खाली आलो.

स्टेजला चार पायऱ्या होत्या. माझे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरतात. मी कठड्याला धरून चढलो. शालन दुसऱ्या बाजूनं आली, त्या टेबलासमोर उभी राहिली. गुगळेशेठनी आम्हा दोघांना एक-एक माइक दिला.

नियम असा होता की ओळख दाखवायची नाही. मी हात जोडले.

"या वहिनी, बसा."

"वहिनी आमच्या!" गुगळेशेठ ओरडले. "तुमच्या नव्हेत!"

लोक खुर्च्यांवर हात आपटून हसले. मीही हसलो. शालनसुद्धा हसली. तिचं ते हसणं मला अजून दिसतं.

"या ताई," मी म्हणालो. "कसं घर बघताय?"

"लहानसं. एक खोली आणि स्वयंपाकघर. मोठं घर झाडायला कोण आहे?"

"किती माणसं राहणार?"

आमचा पहिला प्रश्न हाच असतो. त्यावरून बाकी सगळं ठरतं.

"एक," ती म्हणाली.

"तुम्ही एकट्याच?"

"मी नाही. पुरुष माणूस आहे. नात्यातला."

मला वाटलं, ही मला अडकवणार. बायका या स्पर्धेत मुद्दाम अवघड मागण्या करायच्या, तेवढीच गंमत. मी मनात म्हणालो, कर. मीही जुना आहे.

"तळमजला की वरचा?"

"तळमजला. गुडघे दुखतात त्यांचे. सांगत नाहीत कुणाला."

"लिफ्टची बिल्डिंग दाखवतो की ताई, हवा चांगली येते वर."

"लिफ्ट बंद पडते. मग बसतील खाली पायरीवर, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बिल्डिंगचे भाव सांगतील."

हॉल हसला. गुगळेशेठ म्हणाले, "वहिनी, आमच्याच धंद्यातला दिसतोय माणूस!"

"हो ना," शालन म्हणाली. "बडबड्या आहे. म्हणून शेजार हवा. दारं लावून बसणारे लोक नकोत. बोलायला कुणी नसलं तर आजारी पडेल तो माणूस."

"स्वयंपाकघर कसं हवं?"

"असलं काय, नसलं काय. चहा करता येतो फक्त त्यांना. त्यातही साखर जास्त. जवळ मेस बघा. आणि मेस चालवणारी बाई हवी, वाढताना अजून घ्या म्हणणारी. नाहीतर ते अर्ध्या पोळीवर उठतील आणि झालं म्हणतील."

बायकांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडं पण असलंच आहे एक!" टाळ्या पडल्या. मला मजा यायला लागली होती. शालन एवढं बोलते हे मलाच माहीत नव्हतं. ती माझीच नक्कल करतेय एवढं कळत होतं, त्यापलीकडं काही मनात आलं नाही. लोक हसत होते. हॉल हातात होता. अशा वेळी एजंट शेवटचा प्रश्न विचारतो, तो माझ्या तोंडून सवयीनं आला.

"बरं ताई, ताबा कधी हवाय?"

माइक तिनं दोन्ही हातांनी धरला.

"दिवाळीच्या आत बघा," ती म्हणाली. "दिवाळीनंतर मला हिंडून घरं बघायला जमायचं नाही."

लोकांना त्यात काही वाटलं नाही. दिवाळीत बायकांना कामं असतात. एकदोघं हसलेसुद्धा. पण ती माझ्याकडं बघत होती, आणि मला सकाळची खोली दिसली. पलंगाच्या कडेवर बसलेली ती, हातात फोन. रविवारी सकाळी सुवर्णा कधी फोन करत नाही. तिच्या नवऱ्याला सुट्टी असते, ती उशिरा उठते.

"चला बोरुडे, घर दाखवा!" गुगळेशेठ म्हणाले. "वेळ चाललाय."

मी तसाच उभा. समोर एवढी माणसं, पाठीमागं संघटनेचा बोर्ड. शालन म्हणाली, "दाखवा ना." हळूच म्हणाली, घरी म्हणते तसं.

मी हवेत दार उघडलं. दुसरं काय करणार? पण मला ते घर विकायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की गिऱ्हाईक समोर आहे आणि मी मनात म्हणतोय, नाही म्हण. बघून सांगते म्हण.

"हे घर आहे ताई," मी म्हणालो. "पण चांगलं नाही. अंधार आहे. सकाळचं ऊन येत नाही."

ती माझ्यामागून आत आली. खरंच उंबरा असल्यासारखा पाय उचलून आली.

"चालेल. उशिरा उठतात ते."

"ओल येते. ही भिंत बघा, पोपडे निघालेत."

तिनं हात पुढं करून भिंतीला लावला. म्हणजे हवेलाच. "रंग लावू," ती म्हणाली.

"पाणी एक दिवसाआड येतं."

"एका माणसाला पुरतं."

राजवाडे पुढं वाकून बघायला लागले होते. शेजारच्या परीक्षकाच्या कानात काहीतरी म्हणाले. मला ते दिसत होतं आणि त्याचा अर्थ काही लागत नव्हता.

"शेजारी चांगले नाहीत," मी म्हणालो. "भांडखोर आहेत."

"भांडतील तर बोलतील तरी."

हॉलमध्ये लोक मोठ्यानं हसले. त्या हसण्यात मला माझाच आवाज ऐकू येईना. शालन स्टेजच्या मधोमध थांबली, मान वर करून एका जागेकडं बघत.

"या भिंतीत एक खिळा बसेल का हो?" तिनं विचारलं.

"भिंत कच्ची आहे."

"एकच मारायचाय. भाड्याच्या घरात मारू देत नाहीत ना, म्हणून स्वतःचंच घर हवंय."

"वहिनी, कॅलेंडर लावायचंय का?" गुगळेशेठनी बाजूनं विचारलं.

"हो, भाऊ," ती म्हणाली. "तसंच काहीतरी."

एवढी वर्षं बोलून पोट भरलं आणि त्या वेळी मला एक शब्द सापडत नव्हता. मी माइक टेबलावर ठेवला आणि तिच्यापुढं हात जोडले.

"हे घर घेऊ नका, ताई," मी म्हणालो. माइक नव्हता तरी ते मागच्या रांगेपर्यंत गेलं. "मी पाया पडतो तुमच्या. हे घर रिकामं आहे. मला नाही विकायचं हे."

राजवाडे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मग पहिली रांग उभी राहिली, मग सगळा हॉल. कैलास सांगळेनं शिट्टी मारली. "काय धरलंय गिऱ्हाईक!" तो ओरडला.

शालन टाळ्या थांबायची वाट बघत राहिली. मग माइकमध्ये म्हणाली, "पसंत आहे."

मी घंटेकडं गेलो नाही. गुगळेशेठनीच ती वाजवली, दोन्ही हातांनी, खूप वेळ.

राजवाड्यांनी नंतर त्यावर भाषण केलं. म्हणाले, गुण सगळेच सांगतात, पण जो दोष सांगतो त्याच्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. आणि विकायचं नाही म्हटलं की घेणाऱ्याला ते हवंच असतं. बोरुडेंनी आज आपल्याला धंदा शिकवला. लोक ते लिहून घेत होते. मग त्यांनी मला ट्रॉफी दिली, पितळेचं लहान घर होतं, कौलारू. फोटोवाला म्हणाला, वहिनींना पण घ्या. शालन माझ्याशेजारी उभी राहिली. तो हसा म्हणाला. ती हसली.

जेवणं होती, पण आम्ही थांबलो नाही. वाटेत जो तो पाठीवर थाप मारत होता. एकानं विचारलं, "वहिनींना किती दिवस शिकवलंत हे?" ट्रॉफी धरून गाडीपर्यंत आलो, ती मागच्या सीटवर टाकली आणि किल्ली लावून तसाच बसलो.

"डॉक्टरांचा होता ना सकाळचा फोन?" मी विचारलं.

"हो. मीच सांगून ठेवलं होतं त्यांना, आधी कळलं तर मला फोन करा म्हणून."

"काय म्हणाले?"

"परत आलंय. हाडात गेलंय. औषध देतील म्हणाले." पुढचं स्टेजवर सांगून झालं होतं.

"मग मला खोलीत का नाही सांगितलंस? मी आलो होतो की चहाच्या वेळी."

"खोलीत तुम्ही उठून खाली गेला असता," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "स्टेजवरनं कुठं जाणार होतात? आणि गिऱ्हाईकाचं तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेता."

मी स्टीअरिंगवर डोकं टेकलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आजारी ती होती, आणि हात ती फिरवत होती. लॉनवर लोक जेवत होते, मध्येच कुणीतरी आमच्या गाडीकडं बघून हात हलवला. तिनंही हलवला.

नंतर ती म्हणाली, "चला. संगमनेरला चहा घेऊ. येताना तुम्ही बोलू दिलं नाही, आता बोलू."

गाडी निघाल्यावर खड्डा आला की मागं ट्रॉफी आपटायची. सिन्नरच्या पुढं तिनं मागं हात करून ती उचलली आणि नगरपर्यंत मांडीवर घेऊन बसली.

घर आम्हाला दसऱ्याच्या आधीच मिळालं. सावेडीत, तळमजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. ऊन येत नाही. पलीकडं ताराबाईंची मेस आहे. शालन ते बघायला एकदाच आली. ताराबाईंनी बाहेर येऊन तिला खुर्ची दिली आणि दोघी बराच वेळ बोलत बसल्या, मला त्यांनी जवळ बोलावलं नाही. निघताना शालननं पर्समधून पेन्सिल काढली, भिंतीपाशी गेली आणि डोळ्यांच्या उंचीवर एक बारीक फुली काढली.

"इथं," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. अधिवेशनाला मी परत गेलो नाही. गुगळेशेठ दर वर्षी फोन करायचे, आता तेही नाहीत. ट्रॉफी कपाटावर आहे. स्टेजवरचा तो फोटो मी मोठा करून आणला, त्यातली माझी बाजू कापायला सांगितली. तो कपाटात आहे, कागदात. घराला दोनदा रंग दिला. दोन्ही वेळा रंगाऱ्याला म्हणालो, तेवढी फुलीची जागा सोड.

ताराबाई वाढताना अजून घ्या म्हणतात. अर्ध्या पोळीवर उठू देत नाहीत. परवा डबा घेऊन त्या घरी आल्या आणि भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या.

"काका, काकूंचा फोटो अजून लावला नाहीत?"

"खिळा नाही," मी म्हणालो.

"एवढंच ना? माझ्याकडं आहेत. हातोडी पण आहे. आणू का आत्ता?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.